पाणी जातं कुठं आणि ओरडा कुणाला

पाणीकपात जाहीर झाली की घरात पहिला हुकूम सुटतो तो स्वयंपाकघराच्या दिशेनं. नळ बारीक सोड, भांडी वाहत्या पाण्याखाली धुऊ नकोस, भाजी धुतलेलं पाणी टाकलंस का, कशाला टाकलंस? हे सगळं बरोबरच आहे, त्यात काही चूक नाही, पण मला किती दिवसांपासून एक गोष्ट खटकत होती की घरात सगळ्यात जास्त पाणी जिथं जातं ती खोली आतून कडी लावून बंद असते, तिथं कोण किती वेळ नळ सोडून उभं आहे ते कुणालाच दिसत नाही, आणि मग जिथं दिसतं तिथंच सगळे नियम लागतात. आणि स्वयंपाकघरात सिंकपाशी दिसतं कोण तर बहुतेक घरांमध्ये बाईच. म्हणजे पाणी जातं एकीकडे आणि ओरडा बसतो दुसरीकडे. दुष्काळात घरातले नियम टिकत नाहीत त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

म्हणून यावेळी नियम ठरवायच्या आधी मी म्हटलं, आधी मोजू या, मग काय ते बोलू.

मोजणं अजिबात अवघड नाहीये. शॉवरखाली बादली ठेवायची, रोज सोडतो तेवढाच शॉवर सोडायचा आणि मोबाईलवर एक मिनिट लावायचं, बस. मुलगा शेजारी उभा होता, त्याला वाटत होतं दोन-तीन मग पाणी पडेल, आणि मिनिट संपेपर्यंत पंधरा लिटरची बादली पाऊण भरली. म्हणजे ११ लिटरच्या आसपास, एका मिनिटात! आता दहा मिनिटं शॉवर घेतला तर हिशोब कुणालाही करता येतो, मला काही बोलायची गरजच पडली नाही, तो स्वतःच म्हणाला की आई, यापेक्षा बादली बरी. हाच मुलगा आधी शंभरदा सांगून ऐकत नव्हता. आकडा समोर दिसला की माणूस वाद घालत नाही, आणि बोलणी खाल्ली की घालतोच.

मग फ्लश. ते मोजायला थोडी खटपट आहे पण जरूर करून बघा. टाकीकडे येणारा कॉक बंद करायचा, एकदा फ्लश करायचा म्हणजे टाकी रिकामी होते, आणि मग लिटरच्या मापानं मोजून मोजून पाणी ओतायचं, पूर्वीच्या खुणेपर्यंत. आमची टाकी जुनी, ९ लिटर बसलं. याहूनही जुन्या टाक्यांमध्ये १२-१३ लिटरसुद्धा बसतं, आणि नव्या दोन बटणांच्या टाक्या असतात त्यात मोठ्या बटणाला ६ आणि छोट्याला ३ लिटर असा साधारण हिशोब असतो. आता चार माणसं, प्रत्येकी दिवसातनं पाच वेळा, दर वेळी ९ लिटर, झाले १८० लिटर, आणि हे सगळं पिण्यालायक स्वच्छ केलेलं पाणी! भाजी धुतलेल्या ज्या पातेल्याभर पाण्यावरून घरात आवाज चढतो ते किती असतं हो, दोन लिटर? तीन?

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहराचं उदाहरण मी वाचत होते तेव्हा हेच डोक्यात फिरत होतं. तिथं लागोपाठ तीन वर्षं पाऊस नीट झाला नाही आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर एवढीच मर्यादा घातली, त्याआधी ती ८७ लिटर होती. धरणं साडेतेरा टक्क्यांवर आली की बहुतेक घरांचे नळ बंद करायचे आणि ठरवून दिलेल्या ठिकाणी रांगेत उभं राहून माणशी २५ लिटर घेऊन जायचं अशी तयारी होती, त्या दिवसाला त्यांनी नाव दिलं होतं डे झीरो. आता ५० लिटर ऐकायला बरं वाटतं, पण कागदावर मांडून बघा. एक बादली आंघोळ म्हणजे १५. सहा लिटरचा फ्लश चार वेळा म्हणजे २४. झाले ३९. राहिले ११, आणि त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, कपडे, हात धुणं, फरशी सगळं! बसतच नाही. आणि म्हणूनच तिथं लोकांनी पहिला हात घातला तो फ्लशला, लघवीनंतर दर वेळी फ्लश नाही, आणि जो करायचा तो आंघोळीचं पाणी ओतून. शॉवर दोन मिनिटांच्या आत, आणि तोसुद्धा पायाखाली टब ठेवून, म्हणजे पडलेलं पाणी पुन्हा फ्लशला. २०१५ च्या सुरुवातीला हे शहर दिवसाला साधारण १२० कोटी लिटर पाणी वापरत होतं, ते २०१८ च्या सुरुवातीला ५० कोटींच्या जरा वर आलं. तीन वर्षांत निम्म्याहून कमी. डे झीरो पुढे पुढे ढकलत गेला आणि शेवटी आलाच नाही.

पण याच गोष्टीतली दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती बहुतेक वेळा गाळली जाते. फक्त घरांनी बादल्या वाचवल्या म्हणून शहर वाचलं असं नाहीये. शेतीचं पाणी कितीतरी कापलं गेलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या ग्रोनलँड भागातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणांमधलं १,००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडलं. आणि मग पाऊसही आला. शिवाय ज्या वस्त्यांमध्ये घरात नळच नाहीत, सार्वजनिक नळावरून पाणी भरून आणतात, त्यांचा शहराच्या एकूण वापरातला वाटा ५ टक्क्यांच्याही आत होता, म्हणजे ती माणसं दुष्काळ नसतानाही ५० लिटरच्या आतच जगत होती आणि त्याचं कधी कुणी कौतुक केलं नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं. नियम करताना जो आधीच कमी वापरतो त्याच्याकडून आणखी काढायचं नसतं, हे शहराला लागू आहे तसंच घरालाही लागू आहे.

घरात बघा ना. सासूबाई आधीपासूनच अर्ध्या बादलीत आंघोळ करतात, वर्षानुवर्षं. आता सगळ्यांनी निम्मं करायचं म्हटलं तर त्यांनी पाव बादलीत करायची का? त्या करतीलसुद्धा, बोलणार नाहीत काही, हीच तर अडचण आहे. टक्क्यांमध्ये कपात केली की उधळणाऱ्याला सोपी जाते आणि काटकसर करणाऱ्याला जाचते. त्यापेक्षा माणशी लिटर ठरवा, सगळ्यांना सारखे, आणि त्यातनं सूट कुणाला द्यायची तेही आधीच बोलून घ्या. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या भागात २००७ मध्ये असंच केलं होतं, माणशी १४० लिटर हे एकच लक्ष्य, आणि शॉवर चार मिनिटांचा, त्यासाठी चार मिनिटांची घड्याळं वाटली होती. लोकांचा वापर १४० च्या खालीही गेला. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा होता, तो पाठ व्हायला सोपा होता, आणि किती झाला ते बघता येत होतं.

केपटाऊननं मात्र आणखी एक गोष्ट केली, कोणत्या घराचा वापर मर्यादेत आहे ते हिरव्या ठिपक्यांनी दाखवणारा नकाशाच नेटवर टाकला. त्यावर बराच वाद झाला. शहराच्या पातळीवर काय योग्य ते मी नाही सांगू शकत, पण घराच्या आत असली ठिपक्यांची पाटी लावू नका असं मी कळकळीनं सांगेन. कुणी किती वेळा संडासला गेलं याचा हिशोब भिंतीवर नको. पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, सगळ्या घराचा मिळून एक. तेवढा पुरतो. आमच्याकडे लेक रोज संध्याकाळी मीटर बघून दारामागच्या कॅलेंडरवर आकडा लिहिते, कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक म्हणजे दिवसाचा खर्च, आणि फरक वाढला तर कुणी वाढवला असं न विचारता आज काय झालं असं विचारायचं. पाहुणे होते? चादरी धुतल्या? की कुठं गळतंय?

गळती या विषयावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण नियमांनी जेवढं वाचत नाही तेवढं कधी कधी एका रबरी चकतीनं वाचतं. नळ थेंब थेंब गळत असला की निदान आवाज तरी येतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला २० लिटरच्या आसपास जातं, म्हणजे एका माणसाची आंघोळ, आणि नळातला वॉशर बदलायला दहा मिनिटं लागतात. पण फ्लशच्या टाकीची गळती मुकी असते. टाकीच्या तळाशी एक रबरी झाकण असतं ते जुनं झालं, कडक झालं किंवा त्यावर क्षार बसले की नीट टेकत नाही आणि बारीकशी धार कमोडच्या भांड्याच्या आतल्या बाजूनं सतत उतरत राहते, इतकी पातळ की पांढऱ्या भांड्यावर दिसतसुद्धा नाही, आणि वरनं टाकी आपोआप भरत राहते. आवाज नाही, ओल नाही, काही नाही. ते पकडायला रात्री झोपायच्या आधी टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाकायचे आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला की झाकण गेलं समजा. आमच्या भांड्यात निळी रेघ उतरलेली बघून नवरा बराच वेळ तिथंच उभा राहिला होता, कारण तोपर्यंत घरात पाणी जास्त जातं म्हणून आम्ही एकमेकांकडेच बघत होतो. अजून एक साधी तपासणी म्हणजे रात्री सगळे नळ बंद करून मीटर बघायचा, सकाळी कुणी काही वापरायच्या आधी परत बघायचा. आकडा हलला असेल तर कुठंतरी पाणी जातंय, आणि ते शोधल्याशिवाय कुणालाही नियम सांगायचा हक्क आपल्याला नाही असं मी म्हणेन.

टाकी बदलणं लगेच जमत नसेल तर प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली पाण्यानं भरून, झाकण घट्ट लावून टाकीत उभी ठेवा, दर फ्लशला तेवढं पाणी वाचतं. वीट ठेवू नका, ती हळूहळू झडते आणि चुरा त्या रबरी झाकणाखाली जाऊन बसतो. आणि बाटल्यांची हौसही करू नका, फ्लशला जोर पुरला नाही तर दोनदा करावा लागतो मग उपयोग काय.

आता वापरलेलं पाणी परत वापरणं. ऐकायला सोपं वाटतं, करताना पाठ मोडते. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन, ती ओल्या फरशीवरून उचलून न्यायची. हे काम कुणाचं हे न ठरवता नियम केला तर ते आपोआप घरातल्या बाईच्या अंगावर येतं, किंवा ज्यांनी अजिबात उचलू नये अशा म्हाताऱ्या माणसांच्या. आमच्याकडे तरी बादल्या उचलायचं काम नवरा आणि मुलगा या दोघांचं, हे पहिल्याच दिवशी बोलून टाकलं. दुसरी गोष्ट, साबणाचं पाणी साठवून ठेवायचं नाही, एका दिवसाच्या आत वापरून टाकायचं, नाहीतर वास मारतं आणि त्यात जंतू वाढतात. कपड्यांचं शेवटचं खंगाळलेलं पाणी फरशीला आणि फ्लशला उत्तम. झाडांना घालायचं असेल तर खंगाळलेलंच, पहिलं डिटर्जंटचं नको, आणि कच्ची खायची पालेभाजी असेल तिथं तर अजिबात नको. घरात आरओ असेल तर त्याची बारीक नळी जिथं सोडली आहे तिथं एक बादली ठेवून बघा, एक लिटर पिण्याचं पाणी देताना साधारण तीन लिटर तो बाहेर टाकतो, जुना असला तर जास्तच. ते पाणी खारट असतं पण भांड्यांच्या पहिल्या हाताला, फरशीला, फ्लशला चालतं.

वॉशिंग मशीन अर्धं भरलेलं असताना लावू नका, हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

कशात कपात करायची नाही हे लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं. पिण्याच्या पाण्यात नाही. हे इतकं उघड आहे की लिहायला नको, पण घडतं काय माहितीये का, मुलीबाळी आणि म्हातारी माणसं पाणी कमी प्यायला लागतात, कारण प्यालं की जावं लागतं आणि गेलं की फ्लश. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नसतं, घरातल्या कटकटीनं त्या स्वतःच आवरतात. त्यातनं लघवीची जळजळ, इन्फेक्शन, उन्हाळ्याचे दिवस असले तर चक्कर. पाळीच्या दिवसांत जास्त पाणी लागतं, लागणारच, त्याला परवानगी घ्यायला लागू नये. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, तान्हं बाळ असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्या खोलीला नियमच नाहीत. आणि हात धुणं, संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं, यात एक थेंबही कमी करायचा नाही. नळ सोडून चोळू नका, मगात पाणी घ्या, पण धुवा. टंचाईत पोटाचे आजार वाढतात ते पाणी खराब असतं म्हणून, तसेच हात धुवायला पाणी काढायला माणूस कचरतो म्हणूनही. नळाला मधूनमधूनच पाणी सोडतात तेव्हा रिकाम्या पाइपमध्ये बाहेरची घाण ओढली जाऊ शकते, म्हणून पाणी आल्या आल्या पहिलं येतं ते पिण्याला भरू नका, ते बादलीत घेऊन फ्लशला ठेवा, आणि शंका असेल तेव्हा उकळूनच प्या.

साठवण्याबद्दल पण सांगते. कपात सुरू झाली की घरात पिंपं, हंडे, बादल्या, मिळेल त्यात पाणी भरून ठेवलं जातं, भीतीच असते ती, मी समजू शकते. पण डेंग्यूचा डास, एडिस, याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून प्रत्येक भांड्याला घट्ट झाकण किंवा कापड बांधायचं, आणि आठवड्यातनं एकदा पिंप रिकामं करून आतून घासायचं. नुसतं ओतून परत भरलं तर उपयोग नाही, अंडी पाण्याच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातसुद्धा महिनोन्महिने टिकतात. घासायचा दिवस पिंपातलं पाणी संपत आलेलं असताना धरा म्हणजे ओतून द्यावं लागत नाही.

आता नेहमीचा प्रश्न, आपल्या बादलीनं काय होणार? जगात जेवढं गोडं पाणी उपसलं जातं त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास शेतीला जातं, घरांचा वाटा त्यामानानं लहान. मग सिंकपाशी उभं राहून थेंब कशाला मोजायचे? हा प्रश्न चुकीचा नाही, आणि पाणी कुणाला किती सुटतं, पिकं कोणती घेतली जातात, पाइपलाइनमधून किती गळतं हे विचारलंच पाहिजे, घरात बादली-मग वापरतो म्हणून ते प्रश्न विचारायचे सोडायचे नाहीत. पण दुष्काळात शहराचा साठा ठरलेला असतो, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत दिवसाला किती उपसा होतो यावर नळ किती दिवस चालणार ते ठरतं, आणि तो उपसा बऱ्याच अंशी घरांचा असतो. पाणी संपलं की पुढे काय होतं ते लातूरनं २०१६ मध्ये पाहिलंय. मांजरा धरण कोरडं पडलं, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीत साधारण ५ लाख लिटर, मोठ्या शहराला ते किती पुरणार. चेन्नईतही २०१९ मध्ये जोलारपेट्टईहून पाण्याच्या रेल्वेगाड्या आल्या. आणि नळ बंद झाला की पाणी आणायला कोण जातं? ज्या घरांमध्ये पाण्याची सोय घराच्या आवारात नसते त्यातल्या दहापैकी सात घरांत ते काम बायका आणि मुलींवर असतं, हा जगभरचा हिशोब डब्ल्यूएचओ आणि युनिसेफनं २०२३ मध्ये मांडलाय. म्हणजे आज शॉवर कुणीही जास्त घेवो, उद्या रांगेत उभी राहणार ती बहुतेक घरांत बाई किंवा मुलगी, कधी कधी शाळा बुडवून. मला बाथरूमच्या दाराआडच्या पाण्याचा एवढा राग येतो तो यासाठी.

पाऊस आल्यावर काय, यावर आमच्यात अजून एकमत नाहीये. नवरा म्हणतो आणीबाणीचे नियम आणीबाणीपुरते, नाहीतर माणूस कंटाळतो आणि पुढच्या वेळी मनावर घेत नाही, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण केपटाऊनमध्येही लोकांनी एवढं वाचवलं आणि विक्री घटली म्हणून पाण्याचे दर वाढले, लोक चिडले, साहजिकच आहे. फ्लश न करणं, बादल्या उचलणं हे कायम कुणी करू नये असं मलाही वाटतं. पण टाकी मात्र आम्ही पाऊस सुरू झाला तरी बदलणार आहोत, दोन बटणांची, आणि शॉवरला कमी धारेची जाळी. तेवढं केलं की रोज कुणाला काही सांगावं लागत नाही. आणि मीटरचा आकडा लिहिणं चालूच राहील असं लेक म्हणते, रोज नको तर आठवड्यातनं एकदा. रविवारी, कॅलेंडर तिच्याकडेच.